आठवणी रेकॉर्ड करताय? पन्नास वर्षांनंतर ऐकणाऱ्याला काय लागेल, ते आधी बघा

"तो तिथं पडला ना, त्यानंतरच हिनं ते सगळं सोडलं. एवढं मोठं होतं बघ ते!"

अशी वाक्यं माझ्या हेडफोनमधून रोज जातात. दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती ऐकायच्या, त्यांचं शब्दांकन करायचं, सूची बनवायची आणि संग्रहात लावायच्या, हे माझं काम. समोर बसलेल्या नातवाला 'तो' कोण आणि 'तिथं' म्हणजे कुठं हे ठाऊक असतं. 'एवढं' म्हणताना आजीनं हात किती पसरले तेही त्याला दिसतं. मला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून हे टिपण मुलाखत घेणाऱ्यांसाठी असलं, तरी लिहिलंय ऐकणाऱ्याच्या बाजूनं.

पहिली भेट यंत्राशिवाय

पहिल्या दिवशी रेकॉर्डर काढूच नका. नुसतं बसा, गप्पा मारा आणि एका कागदावर आयुष्याची ढोबळ रेघ आखून घ्या: जन्म कुठला, कुठं कुठं राहणं झालं, कामं कोणती केली, घरात कोण कोण होतं. माणसांची आणि गावांची नावं अक्षरशः कशी लिहायची ते विचारून घ्या. ही यादी पुढं शब्दांकन करणाऱ्याला सोन्याहून पिवळी वाटते. कोणत्या विषयावर बोलायचं नाही, हेही याच भेटीत कळतं. प्रश्न दहा-बारा पुरेत, आणि तेही बाजूला ठेवायची तयारी हवी. छापील प्रश्नावली घेऊन बसलेल्या माणसासमोर कुणीही परीक्षेला बसल्यासारखं बोलतं.

संमतीचं बोलणंही याच वेळी उरका. साध्या भाषेतला एक कागद करा. रेकॉर्डिंग कुठं राहील, कोण ऐकू शकेल, नाव उघड करायचं की नाही, काही भाग ठरावीक वर्षांपर्यंत बंद ठेवायचा का, छापायची किंवा इंटरनेटवर टाकायची परवानगी आहे का, हे त्यात वेगवेगळं विचारा. सगळ्याला मिळून एकच सही घेतलेले कागद आमच्याकडे येतात आणि मग आम्ही डोकं धरून बसतो. त्या एका सहीतून नेमकी कशाला परवानगी होती, ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि जे पाळणं आपल्या हातात नाही, त्याचं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात २००१ पासून उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. तुम्ही हयात असेपर्यंत टेप बाहेर येणार नाहीत, असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकी न्यायव्यवस्थेमार्फत त्या टेपची मागणी झाली आणि काही टेप शेवटी द्याव्या लागल्या. घरगुती मुलाखतीत एवढं टोक गाठलं जात नाही, पण भाऊबंदकीचा दावा किंवा जुन्या गुन्ह्याची कबुली तिथंही निघते. "हे कुणालाच कळणार नाही" म्हणण्याऐवजी "हे सांगायचं असेल तर यंत्र बंद करू का?" असं विचारा.

आवाज

इथं फार खर्च लागत नाही, कान उघडे लागतात. खोलीत जाऊन मिनिटभर गप्प बसा. फ्रिजची घरघर, पंखा, टिकटिकणारं घड्याळ सगळं ऐकू येईल. आपला मेंदू ते गाळून टाकतो, माइक गाळत नाही. पडदे, गाद्या आणि कपडे असलेली लहान खोली मोठ्या रिकाम्या हॉलपेक्षा कधीही बरी. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. कॉलरला लावायचा छोटा माइक असेल तर उत्तम, फक्त साडीच्या किंवा शालीच्या घडीखाली तो घासला जात नाही ना ते बघा. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका.

फाइल एमपीथ्रीमध्ये न घेता वेव्हमध्ये (.wav) घ्या, रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट निवडा. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी जागा लागते. एमपीथ्री फाइल लहान करताना आवाजातला काही भाग कायमचा टाकून देते आणि तो नंतर परत आणता येत नाही. आधी एक मिनिट नोंदवा आणि हेडफोन लावून ऐका. ही एक सवय सगळ्यांनी लावून घेतली तर माझं निम्मं काम हलकं होईल.

सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, ठिकाण, दोघांची पूर्ण नावं आणि खोलीत आणखी कोण आहे ते सांगा. कागद फाइलपासून सुटतो. आवाजातच असलेली नोंद सुटत नाही.

विचारणं आणि गप्प राहणं

"तेव्हा फार हाल झाले असतील ना?" या प्रश्नाला "हो, झाले" एवढंच उत्तर येतं. "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा" म्हटलं की माणूस स्वतःच्या पायानं त्या दिवसात शिरतो. वस्तू हातात द्या: जुनं ओळखपत्र, पत्र, फोटो. मात्र फोटोवर बोट ठेवून "ही ना, ही फार हट्टी" असं आलं, की लगेच तोंडी भरा: "म्हणजे मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, तुमची धाकटी बहीण." 'एवढं मोठं' आलं की "म्हणजे या टेबलाएवढं?" असं विचारा. बोलणं तुटत नाही, आणि मला दिसायला लागतं.

हुंकार आवरा. "हो हो", "बरोबर", "अगदी" हे सगळं बोलणाऱ्याच्या शब्दांवर चढून बसतं. मान हलवली तरी पुरते. शांतता पडली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहा आकडे मोजा. माझ्या अनुभवात मुलाखतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य पुष्कळदा अशा लांबलेल्या गप्पपणानंतर येतं, आणि तितक्याच वेळा ते घाईच्या पुढच्या प्रश्नाखाली चिरडलेलं ऐकू येतं.

शेजारी बसून "अहो, तसं नव्हतं, ते नंतरचं" म्हणणारी प्रेमळ मंडळी शक्यतो दुसऱ्या खोलीत बसवा. त्यांची स्वतंत्र मुलाखत घ्या. त्यांनाही बोलायचं असतंच.

साल चुकलं तर दुरुस्त करावं का? तोंडावर करू नये. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या कामगारांच्या आठवणी जमवल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचं सांगितलं. पोर्तेल्लीनं ती चूक खोडली नाही. गावाला तो मृत्यू कोणत्या लढ्याचा वाटावासा वाटला, हे त्या चुकीतच होतं. आपण खरं साल तळटिपेत द्यावं आणि बोललेलं तसंच राहू द्यावं.

तास-दीड तासात थांबा. अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्स या सामान्य माणसांच्या आठवणी नोंदवणाऱ्या उपक्रमानं दोन ओळखीच्या माणसांचं संभाषण सुमारे चाळीस मिनिटांचं ठेवलं. थकलेल्या वृद्धांसाठी तेवढं अगदी योग्य आहे. उरलेलं पुढच्या भेटीला. रडू आलं तर पाणी द्या, थांबा आणि पुढं जायचं का ते त्यांना ठरवू द्या.

कोण विचारत होतं, हेही लिहा

अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-प्रकल्पात पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या दोन हजारांहून अधिक आठवणी लिहून घेतल्या गेल्या. अमोल साठा. पण विचारणारे बहुतांशी गोरे होते, सांगणारे म्हातारे आणि हलाखीत, त्यामुळे पुष्कळांनी जपून जपून उत्तरं दिली. शिवाय बहुतेक मुलाखतींचा आवाज नाही, फक्त कागद आहे. त्या माणसांची बोली आज आपल्याला लिहिणाऱ्याच्या कानातूनच ऐकावी लागते, आणि तो कान कुठं कुठं बोलीचं विडंबन करतो.

म्हणून त्याच संध्याकाळी अर्ध्या पानाचं टिपण लिहा. तुमचं आणि सांगणाऱ्याचं नातं काय, ते कुठं अडखळले, यंत्र बंद केल्यावर सूर बदलला का. शब्दांकनात त्यांची बोली 'शुद्ध' करू नका. मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथं: आवाजात ठसठशीत बोलणारी बाई, आणि सोबतच्या कागदावर शाळेच्या पुस्तकातली वाक्यं.

एका तासाच्या आवाजाचं नीट शब्दांकन करायला चार ते सहा तास सहज जातात, बोली अनोळखी असेल तर जास्तच. एवढा वेळ नसेल तर निदान सूची करा, तास आणि मिनिटं टाकून: '००:१२ – पहिली नोकरी, ००:१९ – भावाचं जाणं.' नुसत्या सूचीवरही मी काम करू शकते. आवाजावरून मजकूर बनवणाऱ्या संगणक-प्रोग्रामकडून मसुदा करून घेतला तर नावं आणि बोलीतले शब्द एकेक करून तपासा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर फाइल चढवायला सांगणाऱ्याची संमती आहे का, तेही आधी पाहा.

तयार शब्दांकन त्यांना वाचायला द्या. एखादा परिच्छेद काढा म्हणाले, तर हुज्जत घालू नका.

ठेवणं

मूळ फाइलला हात लावायचा नाही. कापाकापी करायची ती प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम पाळा आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐका. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस आधी, मग आडनाव, मग भाग क्रमांक. 'आजी फायनल नवीन २' या नावाच्या फाइली मी पाहिल्या आहेत. कुठली आजी?

नावाचा हा आग्रह उगाच नाही. डेव्हिड बोडर हे मानसशास्त्रज्ञ १९४६ मध्ये तारेवर आवाज नोंदवणारं यंत्र घेऊन युरोपातल्या निर्वासित छावण्यांत गेले. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांना त्यांनी त्यांच्याच भाषांत बोलतं केलं. त्यातलं गाण्यांचं एक रीळ कित्येक दशकं हरवलेलं होतं. अमेरिकेतल्या अॅक्रन विद्यापीठाच्या संग्रहात ते सापडलं. नोंदीत त्याचं नाव चुकीचं पडलं होतं. आणि सापडल्यावरही ते वाजवायला चालू यंत्र नव्हतं, ते आधी जुळवावं लागलं.

कागदपत्रांचं थोडक्यात: फोटोमागे बॉलपेनऐवजी मऊ पेन्सिलीनं लिहा, सेलोटेप आणि लॅमिनेशन टाळा, टाचण्या काढा, माळा आणि तळघर सोडून कोरड्या खोलीत ठेवा.

ठेवायला कुठं द्यायचं, हे रेकॉर्डिंगच्या आधीच विचारा: विद्यापीठ, ग्रंथालय, संग्रहालय, त्या विषयाचं एखादं अभिलेखागार. त्या संस्थेला विचारा: तुम्ही कोणती फाइल घेता, अटी पाळता का, कुटुंबाला प्रत मिळते का, संस्था बंद पडली तर साठा कुठं जाईल? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण चांगल्या संस्थेकडे त्याचं उत्तर लेखी असतं. साध्या माणसाची गोष्ट कुणी घेईल का, अशी शंका असेल तर इटलीतलं पिएवे सान्तो स्तेफानो पाहा. तिथं साव्हेरियो तुतिनो या पत्रकारानं १९८४ मध्ये सामान्य लोकांच्या रोजनिश्यांचं आणि आठवणींचं संग्रहालय सुरू केलं. क्लेलिया मार्की या शेतकरी बाईनं चादरीवर लिहिलेलं आपलं आयुष्य तिथं जपलेलं आहे.

सोपवताना एकाच पाकिटात हे सगळं घाला: मूळ फाइल, संमतीपत्र, नावांची यादी, सूची किंवा शब्दांकन, तुमचं अर्ध्या पानाचं टिपण आणि बंद ठेवायचे भाग कोणत्या वर्षी उघडायचे ते. वर्ष आकड्यात लिहा. 'काही वर्षांनी' असं लिहिलेलं पाकीट उघडायची हिंमत आमच्यातल्या कुणालाही होत नाही.