परिषदेच्या स्लाइड्ससाठी सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

तांत्रिक परिषदेत पहिल्यांदा बोलणारी मुलं मला विचारतात, "सर, बीमर की पॉवरपॉइंट?" (बीमर म्हणजे लाटेकमध्ये, आज्ञा लिहून मजकूर मांडायच्या प्रणालीत, स्लाइड्स करायचं साधन.) मी विचारतो, "तिथं लॅपटॉप कोणाचा असणार?" बहुतेकांनी आयोजकांना ते विचारलेलंच नसतं. सगळ्यात मोठी चूक हीच.

आमच्याकडच्या एका मुलीनं रिव्हील जेएसमध्ये फार मेहनतीनं स्लाइड्स केल्या होत्या. त्या ब्राउझरमध्ये चालतात, आणि समीकरणं मांडणारं मॅथजॅक्स मुद्दाम बदल केला नाही तर इंटरनेटवरून येतं. सभागृहातलं वायफाय लॉगिन मागत बसलं. पडद्यावर समीकरणांच्या जागी डॉलरची चिन्हं आणि उलटे स्लॅश. २० मिनिटांतली ६ त्यातच गेली. तिचं काम उत्तम होतं आणि ते लोकांपर्यंत पोचलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून माझा नेम आहे: स्लाइड्स कशातही करा, आदल्या दिवशी पीडीएफ काढायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि वायफाय बंद करून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघायची.

दुसरी चूक म्हणजे परिषद चार दिवसांवर आली असताना बीमर शिकायला घेणं. मी स्वतः बीमरच वापरतो. तिल तंताऊ यांनी २००३ मध्ये आपल्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी ते तयार केलं. सूत्रं आणि प्रमेयं त्यात सुरेख बसतात. पण लाटेक आधी हातात बसलेलं हवं. कुणाचं तरी टेम्प्लेट उचलायचं, एरर आली की ती ओळच काढून टाकायची, या घाईचा मला मनापासून राग येतो. त्यापेक्षा सरळ लिबरऑफिसमधलं पॉवरपॉइंटसारखं इंप्रेस घ्या आणि वाचलेला वेळ तालमीला द्या. बीमरमध्ये देवनागरी मजकूर असेल तर लाटेकची झीलाटेक किंवा लुआलाटेक ही रूपंच वापरा.

बीमरची चौकट मुळात ४:३ असते. पडदा रुंद असेल तर १६:९ सांगावी लागते.

पॉवरपॉइंटची फाइल ऐनवेळी इंप्रेसमध्ये उघडू नका, फाँट बदलतात, ओळी सरकतात.

व्हिडिओ पीडीएफमध्ये चालेल असं धरू नका. वेगळी फाइल ठेवा.

आणि कोडचे स्क्रीनशॉट चिकटवू नका. आठ-दहा ओळी मोठ्या अक्षरात टाइप करा. चहाच्या सुटीत मी माझी स्लाइड पडद्यावर लावतो आणि शेवटच्या रांगेत जाऊन वाचून बघतो.