आधी टेंपरेचर, मग फर्मेंटर: घरी बीअर करताना या चुका टाळा

घरी बीअर करायला सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की फर्मेंटर (बीअर आंबवायचं भांडं) कुठला घेऊ, स्टीलचा की काचेचा, की प्लॅस्टिकची बकेट चालेल. आणि टेंपरेचरचं काय करणार असं विचारलं की उत्तर येतं, खोलीतच ठेवणार, खोली तशी थंड असते. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा पाहिजे. साध्या बकेटमध्ये १९ डिग्रीला नीट सांभाळलेली बीअर ही महागड्या स्टीलच्या कोनिकलमध्ये (तळाला निमुळत्या फर्मेंटरमध्ये) २७ डिग्रीला फर्मेंट झालेल्या बीअरपेक्षा कितीतरी चांगली लागते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते टेंपरेचरवर घाला, भांडं काय नंतर बदलता येतं. (आणि हो, घरी बीअर करायला सगळीकडे परवानगी नसते, काही ठिकाणी किती लिटर करायची यावर मर्यादा असते, तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या.)

खोलीचं टेंपरेचर बघून निश्चिंत होणं

सगळ्यात जास्त बॅचेस इथेच बिघडतात. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता तयार होते, त्यामुळे २० लिटरची बॅच जोरात चालू असताना आतलं टेंपरेचर खोलीपेक्षा ३ ते ५ डिग्री वर जाऊ शकतं. म्हणजे खोली २३ असेल तर आत २७ चालू आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही. बहुतेक एल (जरा उबेत आंबणारी बीअर) यीस्टना १८ ते २२ लागतं. त्याच्या वर गेलं की यीस्ट फ्युजेल अल्कोहोल (जड, उग्र अल्कोहोल) आणि नको तेवढे एस्टर (फळांसारखा वास देणारे पदार्थ) बनवायला लागतं, मग बीअरला नेलपॉलिशसारखा किंवा थिनरसारखा वास येतो, केळ्याचा वास येतो, आणि घोट घेतला की घशात गरम लागतं. फ्युजेल एकदा आले की आले, बाटलीत महिने ठेवून ते जात नाहीत.

हे सगळं मुख्यतः पहिल्या ७२ तासांत ठरतं, कारण यीस्ट तेव्हा वाढत असतं आणि चवीचे बरेचसे पदार्थ त्या वाढीच्या काळातच तयार होतात. त्यामुळे आठवडाभर कंट्रोल करणं जमत नसेल तर निदान पहिले तीन दिवस तरी जिवापाड सांभाळा. सातव्या दिवशी २३ झालं तर फारसं बिघडत नाही, उलट शेवटी थोडं वाढलेलं बरंच असतं.

इथे लोक नेमकं उलट करतात. वर्ट (आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) २८-३० वर असतानाच यीस्ट टाकतात (थंड व्हायला वेळ लागतोय, कंटाळा आला, वगैरे) आणि मग भांडं फ्रिजमध्ये ढकलतात. म्हणजे सुरुवातीचे महत्त्वाचे तास गरम गेले, आणि यीस्ट जोरात आलं तेवढ्यात टेंपरेचर खाली पडलं, यीस्ट तळाला बसलं आणि बीअर अर्धवट गोड राहिली. नेहमीच्या एलला वर्ट १७-१८ पर्यंत थंड करून यीस्ट टाका, १९ च्या आसपास धरून ठेवा, आणि फेस खाली बसायला लागला की हळूहळू २१ पर्यंत चढू द्या. टेंपरेचर चढत जायला पाहिजे, पडायला नको, एवढं लक्षात राहिलं तरी अर्ध्या अडचणी कमी होतील.

लागरवाल्यांसाठी (लागर म्हणजे थंडीत हळू आंबवलेली बीअर) वेगळं. ८ ते १३ डिग्री लागते आणि शेवटी डायसिटिल रेस्ट द्यावी लागते, म्हणजे फर्मेंटेशन संपत आलं की १८ पर्यंत वर आणून दोन-तीन दिवस ठेवायचं, नाहीतर बीअरला लोण्यासारखी चव राहते. झालंय का नाही हे कळायला एक सोपी टेस्ट आहे, थोडं सँपल झाकण लावून साधारण ६०-७० डिग्रीच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग थंड करून वास घ्या. लोण्याचा वास आला तर अजून थांबा. गार सँपलचा वास घेऊन फसायला होतं, कारण त्यात डायसिटिल अजून तयार व्हायचं असतं.

हा प्रश्न आजचा नाही. बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करायलाच बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यात केलेली बीअर खराब व्हायची. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने रेफ्रिजरेशनचं मशीन बनवलं ते ब्रुअरीजसाठीच, आणि त्यानंतर बारा महिने लागर करणं शक्य झालं. व्यावसायिक ब्रुअर इतकी शतकं ज्या गोष्टीशी झगडले ती आपण खोलीच्या भरवशावर सोडतो.

आणि थंड करायची काहीच सोय नसेल तर गरम हवेत क्लीन (यीस्टचा वेगळा वास नसलेली) एल किंवा लागर करायचा हट्ट सोडा आणि यीस्ट बदला. नॉर्वेच्या शेतघरांमधून आलेलं क्वाइक यीस्ट ३० ते ४० डिग्रीलाही स्वच्छ चव देतं, काही सेझॉन (बेल्जियमची एक शेतघरची बीअर) यीस्टना पण उष्णता आवडते. हवामान बदलता येत नाही, यीस्टचं पाकीट बदलता येतं.

कंट्रोलर घेतला, पण प्रोब हवेत लोंबकळतोय

जुना फ्रिज किंवा चेस्ट फ्रीझर आणि एक बाहेरून लावायचा टेंपरेचर कंट्रोलर, हा मला सगळ्यात भरवशाचा सेटअप वाटतो. पण बरेच जण प्रोब (कंट्रोलरचा टेंपरेचर मोजणारा सेन्सर) फ्रिजमध्ये नुसता लटकवून ठेवतात. हवा पटकन थंड होते, २० लिटर बीअर होत नाही. मग कंट्रोलर हवा १९ ला आणून समाधानी राहतो आणि आत बीअर २३ ला तापत असते, वर दार उघडलं की कंप्रेसर चालू, बंद केलं की बंद, अशी त्याची वाट लागते ती वेगळीच. प्रोब फर्मेंटरच्या बाजूला, बीअरच्या लेव्हलच्या खाली, टेपने घट्ट चिकटवा आणि त्याच्यावर बबल रॅप किंवा फोमचा जाड तुकडा बांधा म्हणजे बाहेरची हवा त्याला लागणार नाही. थर्मोवेल (बीअरमध्ये उतरणारी, प्रोब घालायची बंद नळी) असेल तर उत्तमच, पण फोमखाली चिकटवलेला प्रोब घरच्या बॅचला पुरेसा जवळचा आकडा दाखवतो.

सेटिंगमध्ये पण गडबड होते. डिफरन्स (टेंपरेचर किती हललं की फ्रिज चालू व्हायचा तो फरक) ०.१ ठेवला म्हणजे जास्त अचूक, असं काही नसतं, त्याने फक्त फ्रिज सतत चालू-बंद होतो. ०.५ ते १ डिग्री ठेवा आणि कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू व्हायच्या आधीचा वेळ) निदान ३ ते ५ मिनिटं. हीटर पण लावला असेल तर दोन्ही चालू व्हायच्या टेंपरेचरमध्ये पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर फ्रिज थंड करतोय, मग हीट बेल्ट गरम करतोय, परत फ्रिज, असं रात्रभर चालतं. आणि हीट बेल्ट काचेच्या भांड्यावर नकोच, एकाच पट्ट्यात काच तापली की तडकायची भीती असते.

फ्रिज नसेल तर मोठ्या टबात पाणी भरून त्यात फर्मेंटर उभा करायचा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहायचं, हे दिसायला किरकोळ आहे पण चालतं, कारण एवढ्या पाण्याचं टेंपरेचर चटकन हलत नाही. फर्मेंटरला ओला टीशर्ट घालून फॅन सोडला की अजून खाली येतं, फक्त हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही आणि तेव्हा फॅनवर भिस्त ठेवू नका, बाटल्याच वाढवा. साधी चिकटवायची थर्मामीटर पट्टी मात्र लावाच, पाण्याच्या लेव्हलच्या वर आणि बीअरच्या लेव्हलच्या खाली येईल अशी.

आता भांडं

पहिली चूक साइजची. २० लिटर बॅचसाठी २० लिटरचंच भांडं घेतलं की पहिल्याच रात्री फेस एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी पाण्याची छोटी झडप) बाहेर, भिंतीवर. २५ लिटर तरी घ्या, गव्हाची बीअर किंवा जास्त ग्रॅव्हिटीची (जास्त साखरेच्या वर्टची) करणार असाल तर ३०. जागा कमी पडतीये असं वाटलं तर पहिले तीन-चार दिवस एअरलॉकऐवजी जाड ब्लो-ऑफ ट्यूब लावा, दुसरं टोक सॅनिटायझरच्या डब्यात बुडवून. बारीक ट्यूब हॉप्सच्या (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) कचऱ्याने तुंबते.

झाकण पूर्ण घट्ट बंद करून ठेवणं ही नुसती चूक नाही, धोका आहे. २० लिटर, ५ टक्क्यांची बीअर होताना साधारण ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो जाणार कुठे? प्रेशरसाठी बनवलेलं आणि रिलीफ व्हॉल्व्ह असलेलं भांडं सोडून काहीही बंद करायचं नाही.

मटेरियलबद्दल माझं मत. सुरुवातीला फूड ग्रेड एचडीपीई प्लॅस्टिकची बकेट, डोळे झाकून. स्वस्त, हलकी, रुंद तोंडामुळे हात आत जातो, उजेड पण बराच अडतो. फक्त घासणीने घासायची नाही, ओरखड्यात जंतू बसतात आणि तिथे सॅनिटायझर पोचत नाही. मऊ कापड आणि क्लीनरमध्ये भिजवणं एवढंच. ओरखडे दिसायला लागले की बदला. आधी केमिकल किंवा उग्र वासाची वस्तू ठेवलेला डबा धुऊन वापरू नका, प्लॅस्टिक वास धरून ठेवतं आणि बीअरला देतं.

काचेचा कार्बॉय (अरुंद गळ्याची मोठी बाटली) दिसतो छान पण मी कोणाला सुचवत नाही. भरला की २५ किलोच्या वर जातो, ओल्या हातातून सटकला तर त्या जाड काचांनी टाके पडण्यापर्यंत गोष्ट जाते. गरम वर्ट ओतलं तर तडकतो. आणि उजेड सरळ आत येतो, हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की बीअरला तो कुजकट स्कंकी वास येतो. आधीच घेतला असेल तर झाकून ठेवा, क्रेटमध्ये ठेवून दोघांनी उचला, गळ्याला धरून कधीच नाही.

स्टील टिकतं, पण ब्लीच लावू नका, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि नळ असलेलं कुठलंही भांडं असो, नळ प्रत्येक बॅचनंतर पूर्ण खोलून धुवा. दोन-तीन बॅचेस लागोपाठ आंबट झाल्या आणि कारण सापडत नाहीये तर आधी नळाचे आटे आणि वॉशर बघा.

बुडबुडे थांबले म्हणजे संपलं, बुडबुडेच नाहीत म्हणजे बिघडलं

दोन्ही चूक. बकेटचं झाकण थोडंसं लीक असेल तर गॅस तिथून जातो आणि एअरलॉक ढिम्म हलत नाही, आत मात्र सगळं व्यवस्थित चालू असतं. खरं काय ते हायड्रोमीटर (घनतेवरून किती साखर उरली ते दाखवणारी काचेची नळी) सांगतो, दोन-तीन दिवसांच्या अंतराने रीडिंग घ्या, तेच आलं आणि अपेक्षित आकड्याच्या जवळ असेल तर झालं. हायड्रोमीटर कुठल्या टेंपरेचरला कॅलिब्रेट केलाय ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे करेक्शन करा. रीडिंग वरच अडकलं असेल तर लगेच नवीन यीस्ट टाकायला धावू नका, २१-२२ पर्यंत गरम करा, भांडं हलक्या हाताने गोल फिरवून तळाचं यीस्ट वर आणा (झाकण न उघडता) आणि काही दिवस द्या. रात्री गार पडून झोपलेलं यीस्ट बहुतेक वेळा याने उठतं.

दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवणं, म्हणजे सेकंडरी, हे साध्या एलला करायची गरज नाही. यीस्टवर दोन-तीन आठवडे राहिल्याने घरच्या बॅचला काही होत नाही, ओतताना ऑक्सिजन मिसळला तर मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

कोल्ड क्रॅश (गाळ खाली बसावा म्हणून बीअर एकदम थंड करणं) करताना भांड्यातला गॅस आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आणि बाहेरची हवा आत खेचली जाते, म्हणून थंड करायच्या आधी एअरलॉक काढून त्या जागी कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा लावा, किंवा हलकं प्रेशर सहन करणारं भांडं असेल तर त्याला थोडा गॅस द्या.

आणि चेस्ट फ्रीझरवाल्यांनो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो आत साचून राहतो. झाकण उघडल्या उघडल्या वाकून आत डोकं घालू नका, सँपल काढायच्या आधी झाकण उघडं ठेवून फॅन लावा आणि तेवढा वेळ खोलीची खिडकी पण उघडी ठेवा.