दंडावरची खरखर कशी कमी झाली

दोन्ही दंडांवर वर्षानुवर्षं बारीक, खरखरीत पुरळ. मी ते घाण समजून घासणीने घासायचे; कातडी लालबुंद व्हायची, पुरळ तसंच. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, हा केराटोसिस पिलारिस. केस जिथून उगवतो त्या छिद्रात केराटिन (त्वचेतलंच एक प्रथिन) साचून बूच बसतं, ते घासून निघत नाही. घासणी त्या दिवशीच टाकली.

आधी १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन आणलं. वॅक्सिंगनंतर लगेच लावलं आणि आग आग झाली. ती चूक कुणी करू नका. मग १० टक्के युरियाचं क्रीम, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. दीड महिन्यात हात मऊ लागला. लाली थोडी आहे अजून. लावणं थांबवलं की खरखर परत येते, विशेषतः थंडीत.