सीपीआरचा कोर्स निवडताय? या चुका टाळा

मी सीपीआर शिकवते, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं. कोर्सची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर्टिफिकेट कधी मिळेल?" सरावाचे पुतळे किती आहेत, सराव किती वेळ मिळेल, हे फार थोडे जण विचारतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या ऑनलाइन कोर्सवर भागवणं. व्हिडिओ बघून क्रम कळतो. मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, हेही पाठ होतं. पण 5 सेंटिमीटरला किती जोर लागतो, हे गुडघे टेकून पुतळ्यावर दाब दिल्याशिवाय कळत नाही. माझ्या एका बॅचला ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलेला एक तरुण आला होता. "फक्त उजळणी करायचीय," म्हणाला. उत्तरं सगळी तोंडपाठ. पुतळ्यावर मात्र कोपरं वाकलेली, दाब इतका उथळ की खोली दाखवणारा दिवा एकदाही लागला नाही. मिनिटभरात दमला. हात ताठ, खांदे तळहातांच्या बरोबर वर आणि जोर दंडातून न देता कंबरेतून, असं बसवल्यावर कुठे दिवा लागला. मग दिसलं की घाईत तो छाती पुरती वर येऊच देत नाहीये. छाती वर आली नाही, तर हृदयात पुरेसं रक्त भरत नाही आणि पुढच्या दाबाचा उपयोग कमी होतो. ही चूक शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाच दिसते. थिअरी ऑनलाइन आणि सराव समोरासमोर, असा कोर्स असेल तर खुशाल घ्या.

पैसे भरण्याआधी विचारा: एका पुतळ्यामागे किती जण? पुतळा खोली आणि वेग दाखवतो का? हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडीचं सरावाचं मशीन हातात मिळतं का? मी एका पुतळ्यामागे तीन-चार जणांपेक्षा जास्त घेत नाही. दहा जण असले की निम्मा वेळ रांगेत जातो.

दुसरी चूक, समोर कोण असणार याचा विचारच न करणं. घरात तान्हं बाळ आणि कोर्स फक्त मोठ्यांच्या छातीवरच्या दाबांचा! बाळाचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडल्यामुळे थांबतं, म्हणून तिथे तोंडाने श्वास देणं शिकायलाच हवं. बुडालेल्या माणसाचंही तेच. बाळाला दाब साधारण 4 सेंटिमीटर, आणि घशात काही अडकलं तर त्याच्या पोटावर दाबायचं नसतं. हे सगळं अभ्यासक्रमात आहे का, आधी बघा.

याच्या उलट, घरच्यांसाठी शिकणाऱ्याने एसीएलएस या पुढच्या पातळीच्या कोर्सच्या मागे लागू नये. त्यात औषधं आणि ईसीजी असतात, तो डॉक्टर-नर्सचा विषय. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मात्र आधी बीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याचा प्राथमिक कोर्स, लागतो.

नोकरीसाठी करताय? कोणतं सर्टिफिकेट कार्ड चालेल ते लेखी विचारून घ्या.

कार्ड बहुधा दोन वर्षं चालतं, हातांची सवय मात्र काही महिन्यांतच सुटायला लागते. उजळणीला परत बोलावणारं केंद्र निवडा. मी माझ्या लोकांना दर तीन महिन्यांनी दोन मिनिटं न थांबता दाब द्यायला लावते.

आणि नुसता ऑनलाइन कोर्स आधीच झाला असेल, तर जवळच्या केंद्रात फक्त प्रात्यक्षिक करून घेतात का ते विचारा. एका बैठकीतही बराच फरक पडतो.