नालबंदाच्या नजरेने: दुखापतीतून परतलेला घोडा कसा बघायचा

लाडका घोडा वर्षभराने रेसकोर्सवर परत आला की पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्यापाशी सगळ्यांचा एकच प्रश्न, "बरा झालाय ना?" आणि बघतात मात्र त्याच्या तोंडाकडे. मी पेशाने नालबंद, माझी मान आपोआप खाली जाते. तुम्हीही खालीच बघा.

त्याआधी एक चौकशी करा: दुखावलं होतं ते हाड की टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी? हाड नीट जुळलं तर पुन्हा भक्कम होतं. टेंडन भरून येतं, पण तिथे व्रण राहतो, मूळची लवचिकता पुरती येत नाही आणि पुन्हा तिथेच दुखावण्याची धास्ती उरते. पुढच्या पायाची गुडघ्याखालची मागची रेघ बाजूने बघा. ती सरळ उतरायला हवी. मध्येच बाहेर फुगली असेल तर जुनं दुखणं तिथे आहे. असे घोडे धावतात, जिंकतातही. मी मात्र त्यांच्यावर पैसे लावत नाही.

आता खूर. इथे घाई करू नका. खूर वरून, केसांच्या कडेपासून वाढतो, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. समोरच्या बाजूने जमिनीपर्यंत यायला त्याला ९ ते १२ महिने लागतात. म्हणजे घोड्याचं गेलं वर्ष खुरावर उमटलेलं असतं. ताप येऊन गेला, खुराक बदलला की आडव्या वळ्या पडतात. वळी मधोमध असेल तर ती साधारण सहा महिन्यांपूर्वीची. चारही खुरांवर एकाच उंचीला असेल तर सगळ्या अंगाचं काहीतरी होऊन गेलंय. एकाच खुरावर असेल तर त्या पायाचं. खुराला तेल लावलेलं असलं की वळ्या चटकन दिसत नाहीत, तिरक्या उजेडात बघा.

मग पुढच्या दोन खुरांची जोडी लावा. घोडा ज्या पायावर महिनोन्‌महिने भार टाकत नाही, तो खूर अरुंद आणि उभट होत जातो. थोडा फरक पुष्कळ घोड्यांत असतो. डोळ्यांत भरण्याइतका असेल तर त्या पायाने बराच काळ आराम केलेला आहे. मोतद्दाराशी ओळख असेल तर उतरवलेल्या नाला मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. पुढची कड खाल्लेली आणि टाचेकडे कोरी, असं दिसलं तर घोडा टाच टेकायला बिचकतोय.

एवढं झालं की चाल. माझा सगळ्यांत लाडका घोडा पुण्याचा नाही, मुंबईचाही नाही. जपानचा तोकाई तेइओ, फोनवर जुन्या रेस बघता बघता सापडलेला. त्याचा बाप सिंबोली रुडॉल्फ १९८४ साली तिहेरी मुकुट, म्हणजे तीन ठरावीक मोठ्या रेस, जिंकलेला. पोराने १९९१ मध्ये सात्सुकी शो आणि जपानी डर्बी अजिंक्य राहून मारली आणि लगेच हाड मोडलं. मुकुटाची तिसरी रेस गेली. पुढच्या वर्षी पुन्हा मोडलं, तरी नोव्हेंबरात जपान कप त्याचाच. डिसेंबरच्या आरिमा किनेन या रेसमध्ये अकरावा आला. १९९३ च्या जूनमध्ये तिसऱ्यांदा मोडलं. आणि मग गेल्या आरिमानंतर ३६४ दिवसांनी, मध्ये एकही रेस न धावता, थेट पुढच्या आरिमा किनेनला उभा! २५०० मीटर, समोर बीवा हायाहिदेसारखा त्या वर्षीचा तगडा घोडा. अर्ध्या लांबीने जिंकला.

हिशेब करा: गेल्या आरिमाला जमिनीवर टेकलेला खूर एव्हाना जवळजवळ सगळा झिजून नवा आला होता.

तेइओची चाल प्रसिद्ध होती. खुराच्या वरचा तिरका सांधा दर पावलाला खोल दबायचा आणि उसळायचा. परतलेल्या घोड्यात मी तेच शोधतो. चारही पाय सारखे दबतात का? एक पाय आखडून, उभ्याउभ्या टेकत असेल तर थांबा. दुडक्या चालीत मानेवर लक्ष ठेवा: पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर उचलली जाते, चांगला टेकताना खाली येते. डोळ्यांना कळलं नाही तर कान द्या, टापांचा ठेका लंगडतो.

रेस संपली की स्कोअरबोर्डकडे धावू नका. खोगीर उतरवायला येताना घोडा कसा चालतो ते बघा. पळताना अंगात असलेली गरमी दुखणं लपवते, ती उतरायला लागली की लपत नाही. आणि दुसऱ्या धावेची वाट बघा. पहिली धाव पुष्कळदा नुसत्या ताजेपणावर निघून जाते, खरा कस नंतर लागतो. तेइओच्या बाबतीत तेवढं बघायला मिळालं नाही. १९९४ मध्ये पाय पुन्हा मोडला आणि तो निवृत्त झाला.