वाइनची बाटली वीस मिनिटांत गार करायची असेल तर

पाहुणे दारात आणि नाशिकहून आणलेली शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन अजून कोमटच. फ्रिजमध्ये ती प्यायच्या बेताची गार व्हायला दोन-तीन तास लागतात. नुसत्या बर्फात खोचली तरी काम रेंगाळतं, कारण खड्यांमधल्या पोकळीत हवा राहते. बाटलीला चारी बाजूंनी गारवा पोचवतं ते पाणी.

१. खोल बादलीत 2 किलो बर्फ आणि साधारण 2 लिटर थंड पाणी घ्या.
२. दोन मुठी खडे मीठ टाकून ढवळा. मिठामुळे पाणी शून्याच्याही खाली उतरतं. बारीक मीठही चालतं, पण खडे मीठ स्वस्त पडतं.
३. बाटली मानेपर्यंत बुडवा. वर राहिलेला भाग कोमट राहतो आणि पहिला पेला नेमका तिथूनच भरतो.
४. दर तीन-चार मिनिटांनी बाटली हलकेच जागच्या जागी फिरवा. स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन असेल तर अजिबात हिंदकळू देऊ नका.

व्हाइट किंवा रोझे (गुलाबी) वाइन 15 ते 20 मिनिटांत तयार. बिअरच्या कॅनला दहा मिनिटं पुरतात. आणि एप्रिल-मे महिन्यात रेड वाइनलाही पाचेक मिनिटं द्याच: 34 अंशांच्या खोलीत ठेवलेल्या शिराझमध्ये अल्कोहोलच तेवढं नाकात जातं, फळाचा वास हरवतो. तिला 16 ते 18 अंश हवेत.

उघडण्याआधी बाटलीचं तोंड साध्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर खारट पाणी पेल्यात उतरतं.