‘फाइन’ म्हणजे नेमके काय? अनेकार्थी इंग्रजी शब्दाला योग्य पर्याय कसा निवडावा

इंग्रजी लिहिताना एकच शब्द दोनदा आला की लोक समानार्थी शब्दांची यादी उघडतात आणि तिच्यातला भारदस्त दिसणारा शब्द उचलून वाक्यात बसवतात. वर ‘रोज दहा समानार्थी शब्द पाठ करा’ हा सल्ला आहेच. कृपा करून तो पाळू नका. भाषांतराचे काम करताना अशा याद्यांनी बिघडवलेली वाक्ये मी इतकी दुरुस्त केली आहेत की आता यादी दिसली तरी हात आखडतो. ‘फाइन’ हा साधा, रोजचा शब्द घेऊन माझी रीत सांगते. दुसऱ्या कुठल्याही अनेकार्थी शब्दाला ती तशीच लावता येते.

सुरुवात पूर्ण वाक्यापासून करा, सुट्या शब्दापासून नाही. ‘लागणे म्हणजे काय?’ असे कुणी विचारले तर आपण लगेच उलट विचारतो, काय लागले? भूक, ठेच, दिवा, निकाल की वेड? मराठीत हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. इंग्रजी शब्दालाही हाच प्रश्न विचारायचा.

मग शब्दाची जात पाहा. ‘फाइन’ नाम असेल तर दंड आणि क्रियापद असेल तर दंड ठोठावणे, काम संपले. पर्याय निवडताना एवढेच सांभाळा की ‘पेनल्टी’चा आवाका मोठा आहे, तिच्यात कैदही येते, ‘फाइन’ मात्र पैशांतच भरायचा असतो. आणि ‘डॅमेजेस’ म्हणजे दंड नव्हे. ती ज्याचे नुकसान झाले त्याला मिळणारी भरपाई.

विशेषण असेल तर मात्र थांबा. इथे उत्तम, ठीक, बारीक, तलम, सूक्ष्म, निरभ्र हे सगळे अर्थ एकाच दारातून आत येतात आणि शब्दकोश ते एकाखाली एक छापून मोकळा होतो. ‘पहिला दिलेला अर्थ तोच मुख्य’ असे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो, जुना आधी, नवा नंतर. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत बहुधा जास्त वापरातला अर्थ वर असतो. आपल्या हातातला कोश कोणत्या जातीचा, हे प्रस्तावनेत दिलेले असते. ती दोन पाने वाचा.

नेमका अर्थ पकडायला मला सापडलेली सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे विरुद्धार्थी शब्द. समानार्थी शोधण्याआधी उलटा शब्द शोधा. ‘फाइन सँड’च्या उलट काय? जाडीभरडी वाळू, म्हणून इथे ‘फाइन’ म्हणजे बारीक. ‘फाइन वेदर’च्या उलट पावसाळी हवा, म्हणून स्वच्छ, उघडी हवा. ‘फाइन डिस्टिंक्शन’च्या उलट ढोबळ, सहज दिसणारा फरक, म्हणून सूक्ष्म. ‘आय ॲम फाइन’च्या उलट बरे नसणे. उलटा शब्द बदलला की अर्थ बदलला आणि अर्थ बदलला की पर्यायांची अख्खी यादी बदलली. एका अर्थाच्या यादीतला शब्द दुसऱ्या अर्थाला कधीही लावू नका. बहुतेक चुका इथेच होतात.

तरीही एक जागा अशी आहे की तिथे ही युक्ती पुरत नाही, आणि मी तिथेच फसले होते. एका नाटकाच्या परीक्षणात वाक्य होते, ‘द सेकंड हाफ वॉज फाइन.’ मी लिहिले, ‘उत्तरार्ध अप्रतिम होता.’ पुढच्याच वाक्यात परीक्षकाने उत्तरार्धाच्या संथपणाबद्दल तक्रार केली होती आणि मी दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून वाचलीच नाहीत. संपादकांनी मजकूर परत पाठवला तेव्हा कळले की परीक्षकाला म्हणायचे होते ‘ठीक होता, चालून गेला.’

तेव्हापासून मी शब्दाची जागा पाहते. नामाच्या आधी आला तर ‘फाइन’ ही बहुधा मनापासून केलेली स्तुती असते: ‘शी इज अ फाइन सिंगर’, म्हणजे उत्तम गायिका. इथे ‘एक्सलंट’ चालेल. क्रियापदानंतर एकटा उभा असेल तर तोच शब्द कोमट होतो: ‘हर सिंगिंग वॉज फाइन’, गाणे ठीक झाले. इथे ‘एक्सलंट’ घातलेत तर न दिलेली शाबासकी तुम्ही दिलीत. ‘ऑल राइट’ हवे. हा भेद गुणवत्तेच्या अर्थापुरताच. हवेबद्दल किंवा वाळूबद्दल बोलताना ‘फाइन’ क्रियापदानंतर आला तरी त्याचा अर्थ अनुक्रमे स्वच्छ आणि बारीक हाच राहतो. शिवाय आणखी हवे का असे विचारल्यावर आलेले ‘आय ॲम फाइन, थँक्स’ म्हणजे प्रकृतीची खुशाली नव्हे. ते सभ्य ‘नको’ आहे.

पर्याय ठरला की तो मूळ वाक्यात घालून मोठ्याने वाचा. ‘फाइन हेअर’ म्हणजे केसाची प्रत्येक बट नव्हे, एकेक केस बारीक. ‘थिन हेअर’ म्हटले की विरळ केस डोळ्यांपुढे येऊ शकतात, आणि विरळ असणे ही वेगळीच गोष्ट. ‘थिन सँड’ तर कुणी म्हणतच नाही. ‘डिस्टिंक्शन’शेजारी मात्र ‘सटल’ निर्धास्त बसवा.

हे सगळे अर्थ एका शब्दात आले कसे, असे मला पुष्कळदा विचारतात. मुळाशी लॅटिन ‘फिनिस’ आहे, शेवट किंवा सीमा. शेवटपर्यंत नेलेली, पूर्णत्वाला पोचलेली वस्तू ती उत्तम. पैसे भरले की प्रकरण संपते, म्हणून दंड. फायनल, फिनिश, डिफाइन, इतकेच काय फायनान्ससुद्धा याच घरातले. मला हे कुळ फार आवडते आणि अर्थ लक्षात ठेवायला त्याचा उपयोगही होतो, पण समोरच्या वाक्यातला अर्थ ठरवायला व्युत्पत्ती वापरू नका. तो वाक्यच ठरवते.

वहीत ‘फाइन = चांगला’ असे टिपू नका. वाक्य लिहा आणि शेजारी उलटा शब्द.

जोडशब्द वेगळ्या पानावर ठेवा, कारण तिथे अदलाबदल सहसा चालत नाही. ‘फाइन आर्ट’ म्हणजे ललित कला. ‘एक्सलंट आर्ट’ केलेत तर कलाप्रकाराचे नाव जाऊन नुसते कौतुक उरते. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातल्या बारीक टाइपातल्या अटी. तिथे ‘स्मॉल प्रिंट’ चालते, ‘थिन प्रिंट’ नाही.